मूर अध्यापनपद्धती
मूर अध्यापनपद्धती : उच्च गणिताच्या अध्यापनाची, गृहपाठावर आधारलेली एक पद्धती. अमेरिकन गणितज्ञ रॉबर्ट ली मूर (१४ नोव्हेंबर १८८२ – ४ ऑक्टोबर १९७४) यांच्या नावाने ती ओळखली जाते. महाविद्यालयांत सामान्यतः व्याख्यानात शिकविलेल्या भागाचा सराव म्हणून गृहपाठ दिला जातो आणि लेखी उत्तरे तपासून गुण देण्यात येतात. मूर यांच्या पद्धतीत मात्र गृहपाठ हाच अभ्यासक्रम असून व्याख्यानास फारसे स्थान नाही.

मूर यांनी १९०५ मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच्.डी. पदवी मिळविली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात (१९११–२०) त्यांनी या पद्धतीस आरंभ केला व पुढे टेक्सस विद्यापीठात १९६९ पर्यंत ती राबविली. संस्थितिविज्ञान हा त्यांचा मुख्य विषय होता. ते वर्गात अभिगृहीते व व्याख्या सांगत आणि त्यांवरून निष्पन्न होणारी प्रमेये सिद्धतेविना मांडीत. सिद्धता प्रत्येकाने स्वतः शोधावयाची असे. त्यासाठी पुस्तके पाहण्यास वा सहाध्यायांशी चर्चा करण्यास मनाई होती. विषय आधीच वाचलेल्या विद्यार्थ्यास ते अशा वर्गात घेत नसत.

पुढील तासाला विद्यार्थी फळ्यावर सिद्धता मांडी. तोपर्यंत ज्यांना कमी यश लाभले असेल, त्यांना प्रथम पाचारण केले जाई. उणीव शोधण्याचे काम वर्गाचे असे. शिक्षक स्वतः सिद्धता पुरवीत नसे. स्वतःच उत्तर शोधू इच्छिणाऱ्यास वर्गाबाहेर जाण्याची मुभा होती. अशा रीतीने मूल्यमापन अध्यापनापासून वेगळे राहत नसे. चुकलेली सिद्धताही उपयोगी ठरे, कारण तिच्यातील दोष नेमका कोठे आहे हे सर्वांसच समजून घ्यावे लागे.

मूर यांच्या मार्गदर्शनाखाली ५० जणांनी पीएच्.डी. मिळविली. आर्. एल्. वाइल्डर, आर्. एच्. बिंग व मेरी एलेन रूडिन हे त्यांपैकी प्रसिद्ध होत. तथापि कोणास प्रवेश द्यावयाचा, हे शिक्षकाच्या मर्जीवर राहिले. १९५० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर टेक्सस विद्यापीठाचे पदव्युत्तर वर्ग कृष्णवर्णीयांस खुले झाले, तरी मूर त्यांना आपल्या वर्गात घेण्यास नकार देत. नकार मिळालेल्यांपैकी व्हिव्हिएन मलोन-मेज यांनी १९६६ मध्ये त्याच विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविली. मूर यांचे नाव दिलेल्या तेथील इमारतीचे २०२० मध्ये नामांतर करण्यात आले.

या पद्धतीने अभ्यासक्रमाचा थोडाच भाग पूर्ण होतो आणि मोठ्या वर्गांत ती पेलत नाही, असे आक्षेप घेतले जातात. तिच्या सुधारित रूपांत गटचर्चेस व शिक्षकाच्या साहाय्यास वाव दिला जातो. दुसऱ्याचे उत्तर उतरवून काढणे अत्यंत सुलभ झालेल्या काळात, गृहपाठाचे मोल उत्तरात नसून ते स्वतः शोधून इतरांसमोर सिद्ध करण्यात आहे, हे तिचे मूळ तत्त्व विशेष महत्त्वाचे ठरते.