चाल पुस्तकात छापलेली नसते

इंद्रायणीच्या एका काठावर देहू, खाली आळंदी, आणि त्यांच्या आसपास पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. या पट्ट्यातल्या एखाद्या मराठी चर्चबाहेर रविवारी सकाळी क्षणभर थांबलात, तर आतून पेटी, तबला आणि झांज ऐकू येईल. त्यावर सुरू असेल चक्क अभंग! घडण तुकोबांच्या अभंगाची, आळवणी मात्र प्रभू येशूची.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये ही गायने ज्या पुस्तकातून म्हणतात, त्याचे नाव ‘उपासना संगीत’. पाळकांनी नुसता क्रमांक उच्चारावा, आणि पुढच्या बाकांवरच्या आजी-आजोबांनी पुस्तक न उघडताच सुरुवात करावी, हे तिथे नेहमीचे दृश्य. चष्मा घरी राहिला तरी त्यांचे अडत नाही. हे कसे जमते, याचे उत्तर शोधायला निघालो की वाट काही शतके मागे जाते.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, मराठी शिकले, आणि 1616 मध्ये रायतूरला त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ. बायबलची कथा सांगण्यासाठी त्यांनी ज्ञानेश्वरीचा छंद घेतला, कारण ऐकणाऱ्यांच्या कानात तोच रुजलेला होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने नगर भागात काम वाढवले, तेव्हा हीच जाण पुन्हा कामी आली. परदेशी चालींवर बसवलेली मराठी गीते होतीच. पण गावागावांत माणसे रमली ती ख्रिस्ती कीर्तनांत आणि भजनांत.

या परंपरेला खरा कवी मिळाला तो नारायण वामन टिळकांच्या रूपाने. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी पोहोचलो, असे ते सांगत. वारकरी ज्ञानोबांना माउली म्हणतात, टिळकांनीही ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली. मराठी गायनांत त्यांचा वाटा फार मोठा आहे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे हे यजमान. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

आता अभंगाची करामत पाहा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. एक शब्द विसरला तरी अक्षरांचा हिशेब आणि यमक मिळून तो परत आणून देतात. चौथा चरण आखूड असल्याने ओळीच्या शेवटी जागा उरते. तिथे झांज वाजते, आणि सगळी मंडळी एकाच वेळी श्वास घेते.

त्या श्वासाची किमया प्रयोगात दिसली आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 मध्ये काही तरुणांना एकत्र एक चर्चगीत गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. श्वास घेताना ठोके थोडे जलद होतात, सोडताना मंदावतात. गाणे सगळ्यांना एकाच जागी श्वास घ्यायला लावते, त्यामुळे गाणाऱ्यांच्या ठोक्यांचे चढउतारही एकत्र होऊ लागले. ‘एकदिलाने गाणे’ हा अलंकार नाही, हे मोजून दाखवता येते.

आणि आठवणीचे काय? 2015 मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक चकित करणारी गोष्ट मांडली. वर्षानुवर्षे ओळखीची असलेली गाणी मेंदूच्या ज्या भागांत जागी होतात, ते भाग अल्झायमरच्या रुग्णांत इतर भागांच्या मानाने खूपच कमी झिजलेले आढळले. नातवाचे नाव न आठवणारी आजी लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेले गायन कसे म्हणू शकते, याचा धागा इथे सापडतो.

पण एवढ्याने पुस्तकाची माया पुरती उलगडत नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग स्कूटर आणि ट्रकचे कारखाने आले. कामासाठी नगर, जालना, सोलापूरकडून माणसे आली, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. शेत, नदी, भावकी मागे राहिली. पत्र्याच्या ट्रंकेत पवित्र शास्त्र आणि गायनांचे पुस्तक मात्र आले. गावच्या चर्चमध्ये ज्या क्रमांकावर जे गायन होते, तेच नव्या वसाहतीतही त्याच क्रमांकावर निघत होते. अनोळखी माणसांची मंडळी होण्यासाठी तेवढा आधार पुरला. लग्न, नामकरण, नाताळ, घरात झालेला मृत्यू, अशा प्रत्येक प्रसंगाला एकेक गायन चिकटत गेले. आपल्या दफनविधीला कोणते गायन म्हणायचे, हे सांगून ठेवणारे वृद्ध आजही भेटतात.

आता भिंतीवरच्या पडद्यावर शब्द उमटतात, गिटार आणि कीबोर्डवर नवी गीते होतात. तरुणांना ती जवळची वाटतात, आणि त्यात काही वावगे नाही. वृद्धांची अडचण वेगळी आहे. पडद्यावर एक कडवे येते आणि जाते. पुस्तकातले पान कोपरा दुमडून, पेन्सिलीची खूण करून आपले करता येते.

धोका मात्र आणखी एका ठिकाणी आहे. मंडळीच्या हातात असते ती शब्दांची प्रत. चाल राहते गळ्यात. त्यामुळे एकच गायन नगरकडे एका वळणाने म्हणतात आणि सोलापूरकडे दुसऱ्या. ते वळण ठाऊक असलेला शेवटचा माणूस गेला की शब्द कागदावर उरतात, आणि चाल कायमची जाते. तेव्हा घरात किंवा शेजारी असे कुणी आजी-आजोबा असतील, तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. आवडीचा क्रमांक विचारा, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत म्हणायला सांगा, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. सोबत गावाचे नाव आणि चाल कुणाकडून शिकली, तेही नोंदवा.