पहाटेच्या सारसासाठी कॅमेरा निवडताना



गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. तलावांचा आणि धानाचा हा जिल्हा आज आणखी एका कारणाने ओळखला जातो, ते म्हणजे सारस पक्षी. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असलेला हा क्रौंच महाराष्ट्रात आता प्रामुख्याने गोंदिया आणि त्यालगतच्या परिसरातच उरला आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याची गणना होते आणि दरवर्षी हाती येणारा आकडा फारच लहान असतो. अशा वेळी एखाद्या शेतकऱ्याने, शिक्षकाने किंवा महाविद्यालयीन तरुणाने काढलेले एक स्पष्ट छायाचित्रही मोलाची नोंद ठरते.

अडचण अशी की, सारस पाहण्याची उत्तम वेळ ही छायाचित्रासाठी सर्वांत कठीण वेळ असते. रात्री तलावाच्या उथळ पाण्यात विसावलेली जोडी उजाडता उजाडता बांध्यांकडे निघून जाते. त्यामुळे सूर्योदयाच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटे हीच काय ती संधी. ‘कमी किमतीत कोणता कॅमेरा घ्यावा?’ या प्रश्नाचे उत्तर या वीस मिनिटांच्या कसोटीवरच शोधले पाहिजे.

प्रकाश किती कमी असतो?

आपले डोळे अंधाराशी जुळवून घेतात, त्यामुळे प्रकाशातील खरा फरक आपल्याला जाणवत नाही. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. सूर्य क्षितिजावर असताना ती साधारण ४०० लक्सवर येते, आणि त्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी तर केवळ तीन-चार लक्स उरते. म्हणजे दुपारी सुंदर छायाचित्र देणाऱ्या कॅमेऱ्याला पहाटे हजारो पटींनी कमी प्रकाशात काम करावे लागते. दुकानात दिव्यांच्या झगमगाटात पाहिलेल्या नमुन्यावरून म्हणूनच काही ठरवू नये.

मेगापिक्सेल नव्हे, सेन्सरचा आकार

जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. मंद प्रकाशात मात्र महत्त्व असते ते सेन्सरच्या क्षेत्रफळाला. पावसाचे पाणी साठवायचे असेल तर वाटीपेक्षा परात उपयोगी पडते, तसेच हे आहे. स्वस्त आणि लांब झूमच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा लहान सेन्सर असतो. ‘एक इंची’ नावाने ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. त्याचे क्षेत्रफळ लहान सेन्सरच्या चौपट भरते. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातील सेन्सर तर अकरा ते तेरा पटींनी मोठा असतो. लहान सेन्सरवर प्रकाश अपुरा पडला की चित्रात रंगीत दाणे उमटतात आणि ते पुसण्याच्या प्रयत्नात कॅमेरा बारकावेही पुसून टाकतो.

हे नुकसान केवळ सौंदर्याचे नाही. प्रौढ सारसाचे डोके आणि मानेचा वरचा भाग लालभडक असतो. पिल्लाच्या डोक्यावर मात्र बदामी-तपकिरी पिसे असतात. पिल्ले जगत आहेत की नाहीत, हाच या पक्ष्याच्या भवितव्याचा प्रश्न आहे. ज्या छायाचित्रात डोक्याचा रंगच कळत नाही, ते त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

भिंगाचे छिद्र

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे भिंगाचे छिद्र. ते एफ/२.८, एफ/५.६ अशा आकड्यांत सांगतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ/२.८ वर एफ/५.६ पेक्षा चौपट प्रकाश आत येतो, तर एफ/१.८ वर जवळजवळ दहापट.

उदाहरण पाहू. सूर्य नुकताच क्षितिजावर आला आहे आणि आयएसओ १६०० ठेवला आहे. एफ/५.६ वर शटर साधारण १/६० सेकंद उघडे ठेवावे लागेल. एवढ्या वेळात चालणारा सारस पुसट होतो. एफ/२.८ वर तेच छायाचित्र सुमारे १/२५० सेकंदात मिळते व पक्षी स्थिर दिसतो. हात हलल्याने येणारा पुसटपणा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा आवरते. परंतु पक्ष्याची हालचाल ती थांबवू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मग घ्यावे काय?

नवा कॅमेरा परवडत नसेल तर वापरलेला घेण्यात कमीपणा नाही. येथे तीन पर्याय सुचवावेसे वाटतात.

पहिला पर्याय एक इंची सेन्सर आणि जोडलेले झूम असलेल्या कॅमेऱ्याचा. २०१४ साली आलेला पॅनासॉनिकचा एफझेड१००० हे त्याचे चांगले उदाहरण. त्याचे भिंग ४०० मिलिमीटरच्या तोडीचे असून पूर्ण झूमवरही त्याचे छिद्र एफ/४ राहते. भिंग बदलण्याची कटकट नको असणाऱ्यांसाठी हा कॅमेरा सोयीचा.

दुसरा पर्याय साध्या डीएसएलआरचा. कॅननचा १३००डी किंवा निकॉनचा डी३५०० यांसारखा कॅमेरा आणि सोबत २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंतचे झूम भिंग घ्यावे. अशा स्वस्त भिंगाचे छिद्र लांब टोकाला लहान होते. परंतु मोठा सेन्सर ती उणीव भरून काढतो, आणि हिशेब पहिल्या पर्यायाच्या जवळपास येतो. पुढे ५० मिलिमीटर एफ/१.८ चे लहानसे भिंग जोडले की, धर्मग्रामातील सायंकाळची मिरवणूक किंवा झाडीपट्टीतील रात्रीचे नाटकही फ्लॅशशिवाय टिपता येते.

तिसरा पर्याय हातातील मोबाईलचा. त्याची रात्रीची सुविधा अनेक चित्रे एकत्र करून एक चित्र घडवते. तलाव, झाडे, आकाश यांसाठी ती उत्तम. दूरच्या, चालत्या पक्ष्यासाठी मात्र अपुरी.

केवळ लांब झूमच्या मोहाने कॅमेरा निवडू नये. निकॉनच्या पी९०० चे झूम ८३ पट आहे. पण सेन्सर लहान आणि पूर्ण झूमवर छिद्र एफ/६.५. तो दिवसा उपयोगी, पहाटे दुबळा.

वापरलेला कॅमेरा घेताना भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे अवश्य पाहावे. आपल्याकडील पावसाळ्यात हा दोष हमखास आढळतो. दुकानातील अंधाऱ्या कोपऱ्याचे आयएसओ १६०० वर एक छायाचित्र घेऊन ते मोठ्या पडद्यावर तपासावे. बॅटरी किती वेळ टिकते, हेही विचारावे.

थोडी हातोटी, थोडा संयम

तिपाई नसेल तर कापडी पिशवीत दोन-तीन किलो धान भरून ती धुऱ्यावर किंवा मोटारसायकलच्या आसनावर ठेवावी आणि तिच्यावर कॅमेरा टेकवावा. दाणेदार चित्र चालेल, पुसट नको. म्हणून आयएसओ वाढवण्यास भिऊ नये. शक्य असल्यास चित्र ‘रॉ’ स्वरूपात साठवावे, म्हणजे ते नंतर उजळता येते. कॅमेऱ्यातील तारीख आणि वेळ अचूक असावी, कारण नोंद म्हणून छायाचित्राचे मोल त्यावरच ठरते.

फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. कॅमेऱ्यातील लहान फ्लॅश चार-पाच मीटरांपलीकडे पोचत नाही. शंभर मीटरवरील सारसाला त्याचा उजेड लागत नाही, पण तो लखलखाट पाहून पक्षी बिचकू शकतो. पावसाळ्यात सारस बांध्यांतच घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. जवळ गेल्याने जोडी घरट्यावरून उठली तर तो डाव कायमचा हुकू शकतो. रोवणी झालेल्या बांधीत पाय टाकू नये, शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि घरट्याची जागा चारचौघांत जाहीर न करता केवळ वन विभागास कळवावी.

कॅमेरा महाग असलाच पाहिजे असे नाही. मोठा सेन्सर, मोठे छिद्र, स्थिर टेकू आणि दूर थांबण्याची तयारी एवढे जमले, तर परसवाड्याच्या तलावाकाठी एखाद्या पहाटे आपण टिपलेले बदामी डोक्याचे पिल्लू हे या जिल्ह्यासाठी खरोखरीचे शुभवर्तमान ठरेल.