एक देऊळ, अनेक आवाज

शिरोली एमआयडीसीत बसलोय, तर उदाहरण फाउंड्रीचंच घेऊ. कास्टिंग आधी शॉट ब्लास्टिंगला जातं, मग रंगाला. अख्खं जातं, क्रमानं जातं. आधी रंग दिला तर खरवडून निघेल. मिक्सिंग सॉफ्टवेअरमधला 'इन्सर्ट' इफेक्ट तसाच. इक्वलायझर, कॉम्प्रेसर यांचा क्रम बदलला की आवाज बदलतो.

'सेंड'चं वेगळं. ग्राइंडिंगच्या प्रत्येक टेबलापासून डक्ट निघतो, डस्ट कलेक्टर मात्र एकच. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये गायक, पेटी, पखवाज यांना वेगवेगळा रिव्हर्ब लावला, की प्रत्येकजण वेगळ्या देवळात बसल्यासारखा वाटतो आणि अभंगाचे शब्द हरवतात. त्यापेक्षा स्वतंत्र चॅनेलवर एकच रिव्हर्ब ठेवा. त्यातून मूळ आवाज नको, नुसता घुमारा यावा. बाकीचे चॅनेल तिकडं थोडाथोडा आवाज पाठवतील. त्यांचा मूळ आवाज आपल्या वाटेनं मास्टरला जातोच.

सेंड शक्यतो 'पोस्ट-फेडर' असावा. 'प्री-फेडर' असेल, तर गायकाचा फेडर पूर्ण खाली ओढला तरी घुमारा उरतो. तर्कशास्त्रात आम्ही शिकवायचो, धूर तिथं अग्नी. इथं अग्नीविना धूर!

म्हणून शब्द ऐकू येईनात, तर लगेच फेडर चढवू नका. आवाज कुठून कुठं जातोय, ते आधी बघा.