‘कोणतीही कळ’ म्हणजे कोणती ?

अजाण माणसाच्या प्रश्नाला हंसणें ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. आगगाडी नवी होती तेव्हां तिच्याविषयीं भोळ्या माणसांचे किस्से सांगितले जात. तार आली, टेलिफोन आला, त्यांच्याहि पाठोपाठ किस्से आलेच. हल्लीं हा मान संगणकाला आणि त्याचा धाकटा भाऊ जो मोबाईल त्याला मिळाला आहे. वसईपासून विरारपर्यंत हीं यंत्रें दुरुस्त करणाऱ्यांचीं जीं लहान लहान दुकानें आहेत, त्यांपैकीं कोणत्याहि दुकानीं घटकाभर बसावें, करमणुकीला तोटा पडत नाहीं. आमचे कांहीं जुने विद्यार्थी या धंद्यांत असल्यामुळें तसा योग आम्हांला वारंवार येतो. तेथें पाहिलेले व ऐकलेले कांहीं मासले वाचकांपुढें ठेवून त्यांवर दोन शब्द लिहावे, असा आमचा विचार आहे.

एका आजीबाईंनीं दुकानांत येऊन मोठ्या काळजीनें विचारलें, “अरे बाळा, नातीचे फोटो ढगांत ठेवलेत म्हणे. आषाढ तर तोंडावर आला. भिजायचे नाहींत ना ?” दुसऱ्या एका गृहस्थांनीं संगणक सुरू होत नाहीं म्हणून फोन केला. मागची तार नीट बसली आहे का तें पाहा, असें सांगतांच ते म्हणाले, “दिसणार कसें ? मघांपासून वीज गेली आहे.” ही दुसरी गोष्ट इंग्रजींतहि फार दिवसांपासून फिरत आहे, परंतु पावसाळ्यांतली आमच्याकडील वीज ज्याला ठाऊक आहे, त्याला ती येथलीच वाटेल!

तिसरा मासला पेन्शनरांचा. दर नोव्हेंबरांत आपण हयात असल्याचा दाखला त्यांना द्यावा लागतो. २०१४ सालापासून ‘जीवन प्रमाण’ या सरकारी योजनेमुळें तो यंत्राद्वारें देतां येतो, आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनहि भागतें. मात्र कॅमेऱ्यापुढें डोळ्यांची उघडझाप करावी लागते. एक निवृत्त हेडक्लार्क ही सूचना ऐकून संध्येला बसावें तसे डोळे मिटून स्वस्थ बसले. यंत्राच्या लेखीं ते तेवढा वेळ परलोकवासी होते. अखेरीस काम झालें तेव्हां ते म्हणाले, “इतकीं वर्षें सही करून जिवंत होतों, आतां डोळे मिचकावून जिवंत राहावयाचें!”

अशीं माणसें आमच्याकडेच आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. १९९४ सालीं अमेरिकेंतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या पत्रानें संगणक-कंपन्यांना येणाऱ्या अशाच फोनांची हकीकत छापली होती. एका ग्राहकाला, तबकडी यंत्रांत घालून दार लावा, असें सांगितलें. यंत्राचें दार लावावयाचें होतें. तो गृहस्थ फोन खालीं ठेवून उठला आणि खोलीचें दार लावून आला. ‘कोणतीही कळ दाबा’ अशी सूचना पडद्यावर वाचून, ही ‘कोणतीही’ नांवाची कळ आहे तरी कोठें, असें विचारणारे फोन कॉम्पॅक या कंपनीला इतके येऊं लागले कीं, ती सूचनाच बदलून विशिष्ट कळीचें नांव घालण्याचा विचार कंपनीला करावा लागला. त्याच्याहि पूर्वीची गोष्ट पाहावयाची तर चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाची आहे. यंत्रांत चुकीचे आंकडे घातले तर उत्तर बरोबर येईल काय, असा प्रश्न आपल्याला दोनदां विचारला गेला, आणि विचारणारे पार्लमेंटचे सभासद होते, असें त्यानें १८६४ च्या आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. तेव्हां आमच्या आजीबाईंना थोरामोठ्यांची सोबत आहे.

परंतु हे प्रश्न खरोखरच वेडगळ आहेत काय ? आमचा जन्म शिकविण्यांत गेला. विद्यार्थ्याचें उत्तर चुकलें कीं प्रथम आपला प्रश्न तपासावा, हें त्यांतून आम्ही शिकलों. आपल्या साहित्यशास्त्रांत शब्दाच्या शक्ति सांगितल्या आहेत. शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा. तो सरळ अर्थ जुळत नाहीं तेव्हां जवळचा अर्थ देणारी ती लक्षणा. ‘गंगेवर गौळवाडा आहे’ असें म्हटलें तर तो पाण्यावर नसून तीरावर आहे, हें आपण लक्षणेनें जाणतों. संगणकाची सारी परिभाषा लक्षणेवर उभी आहे. त्यांतली खिडकी खिडकी नव्हे, उंदीर उंदीर नव्हे आणि ढग तर मुळींच ढग नव्हे. तो कोठें तरी दूर असलेल्या इमारतींतील यंत्रांचा सांठा असतो. आजीबाईंनीं अभिधेनें अर्थ केला आणि त्या अर्थावरून निघणारी शंका अगदीं तर्कशुद्ध विचारली. ज्यानें लक्षणा समजावून दिली नाहीं, चूक त्याची आहे.

मधल्या पिढीला असें समजावून देणारे भेटले. २००१ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या ‘एम. एस.-सी. आय. टी.’ अभ्यासक्रमानें गांवोगांवच्या कारकुनांना व शिक्षकांना मराठींतून संगणक शिकविला. घरांतल्या वडील माणसांना मात्र नातवंडांवांचून दुसरा गुरु नाहीं, आणि हा गुरु फार उतावळा असतो. “द्या इकडे, तुम्हांला नाहीं जमायचें” असें म्हणून तो मोबाईल हातांतून काढून घेतो, दोन क्षणांत काम उरकतो आणि हंसत निघून जातो. शिष्य होता तेथेंच राहतो. पुढच्या वेळीं तो विचारीत नाहीं, एवढाच फरक पडतो.

येथवर हंसण्याचा भाग झाला. आतां त्याची किंमत पाहावी. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ असेच घरीं विचारीनासे झाले. एके दुपारीं त्यांना फोन आला. आपण बँकेंतून बोलत आहों, खात्याची माहिती भरून घ्यावयाची आहे, असें बोलणारा म्हणाला. त्यानें त्यांना ‘काका’ म्हटलें, एकेक पायरी तीन तीन वेळां सांगितली, “सावकाश करा, घाई नाहीं” असा धीर दिला. पाऊण तास तो कंटाळला नाहीं. त्याच्या सांगण्यावरून त्यांनीं एक ॲप मोबाईलवर घेतलें, आणि तीन महिन्यांचें पेन्शन गेलें. परक्याच्या हातीं आपल्या यंत्राचा ताबा देणाऱ्या अशा ॲपविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१९ सालींच बँकांना सावध केलें होतें. परंतु तें या गृहस्थांना घरांत सांगणार कोण? ते आम्हांला म्हणाले, “मास्तर, मला इतकें नीट कोणींच शिकविलें नव्हतें.” हें वाक्य ऐकून आमचें हंसणें मावळलें. घरच्या माणसांनीं जो धीर धरला नाहीं तो चोरानें धरला.

म्हणून प्रत्येक कुटुंबांतील तरुणांना आमची कांहीं विनंति आहे. वडील माणसांच्या हातांतून यंत्र काढून घेऊं नये. बोट त्यांचें असावें, शब्द तुमचे. रोजच्या कामाच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत मराठींतून वहींत लिहून द्याव्या. यू. पी. आय.चा गुप्त आंकडा पैसे देण्यासाठीं असतो, घेण्यासाठीं तो कधींच लागत नाहीं, आणि ओ. टी. पी. बँकेच्या माणसालाहि सांगावयाचा नसतो, या दोन गोष्टी पाढ्यांसारख्या पाठ करून घ्याव्या. फोनवरून अटक करण्याची रीत आपल्या कायद्यांत नाहीं, हेंहि सांगून ठेवावें. पैशाचा विषय निघालेला कोणताहि फोन खालीं ठेवून प्रथम घरांत विचारावें, असा नियम असावा. इतकें करूनहि फसगत झालीच तर लाज न धरतां ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावें. तक्रार जितकी लवकर जाईल तितका पुढच्या खात्यांत पैसा अडविला जाण्याचा संभव अधिक. वसई-विरारसाठीं २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. तेथेंहि अशा गुन्ह्यांची दाद मागतां येते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, घरांत कोणताहि प्रश्न विचारण्याची कोणाला भीति वाटतां कामा नये. आजोबांच्या प्रश्नाला हंसूं आलें तर खुशाल हंसावें, आजोबाहि हंसतील. मात्र उत्तर देऊन मग हंसावें.