शर्टाचं गाव कोणतं?

तुमच्या एखाद्या तयार शर्टाची कॉलर उलटून बघा. आत, मानेला टोचते तिथे एक चिटुकली पट्टी शिवलेली असते. तिच्यावर मापाच्या आकड्याशेजारी एका देशाचं नाव असतं. कधी 'मेड इन इंडिया', कधी 'मेड इन बांगलादेश', तर कधी व्हिएतनाम. पट्टी एक आणि नावही एकच. पण ही पट्टी सांगते ती गोष्टीची फक्त शेवटची ओळ. शर्ट शेवटी शिवला कुठे, एवढंच. त्याआधी तो कुठेकुठे भटकून आला, त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

म्हणून आपण उलट्या टोकाकडून सुरुवात करू. चला धानोऱ्याला. नंदुरबार तालुक्यातलं धानोरा. नंदुरबार जिल्ह्याला एका अंगाने गुजरात भिडलाय, दुसऱ्या अंगाने मध्य प्रदेश. तापीकाठची काळी जमीन, आणि तीत मिरची, पपई, केळी नि कपाशी. समजा, इथल्या एका शेतात दिवाळीच्या सुमारास एक बोंड फुटलं. वेचणी झाली, कापूस पोत्यात भरला गेला आणि जिनिंगमध्ये पोहोचला.

जिनिंगमध्ये काय होतं? यंत्र कापसातली सरकी वेगळी काढतं. शंभर किलो कापूस घातला तर जेमतेम चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सगळी सरकी. म्हणजे पांढराशुभ्र ढीग दिसतो खरा, पण वजन जास्त असतं ते आत लपलेल्या बियांचं! सरकीचं तेल निघतं, उरलेली पेंड म्हशीपुढे जाते. रुई दाबून तिच्या 170 किलोच्या गाठी बांधतात. आणि इथेच आपलं बोंड हरवतं. एका गाठीत किती शेतांचा कापूस मिसळलाय, ते कोण सांगणार? म्हणून पुढचा सगळा प्रवास 'समजा' म्हणूनच करायचा. पण वाटा मात्र अगदी खऱ्या आहेत बरं का.

समजा, गाठ गुजरातेतल्या सूतगिरणीकडे निघाली. वाटेत राज्याची हद्द लागते. ती कशी असते ते बघायचं असेल तर याच जिल्ह्यातल्या नवापूर रेल्वे स्टेशनवर जा. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातमध्ये! 1 मे 1960 ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली आणि हद्दीची रेघ बरोब्बर स्टेशनातून गेली. तिथे एक बाकडं आहे, त्याचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या राज्यात. बसणाऱ्याला काही फरक पडत नाही.

पण मालाच्या ट्रकला पडायचा. पूर्वी राज्यांच्या हद्दींवर कराचे नाके होते. कागद दाखवा, शिक्के घ्या, रांगेत थांबा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि कर तपासणारे ते नाके बंद झाले. एकाच देशातला माल, मग मध्ये अडवायचा कशाला, असा त्यामागचा विचार. (या वाटेवरून माल तसा फार जुन्या काळापासून जातोय. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरला निघाला, तो नवापूरवरूनच गेला. इथल्या बारीक, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाचं त्याने भरभरून कौतुक लिहून ठेवलंय. इराणमध्ये कुणाला छान भेट द्यायची तर या तांदळाचं पोतं न्यावं, म्हणे!)

तर रुईचं सूत झालं. आता समजा हे सूत निघालं बांगलादेशाला. तिथे कापूस अगदी थोडा पिकतो, पण कपडे शिवून जगाला विकण्यात तो देश चीनच्या खालोखाल. त्यामुळे त्याला सूत बाहेरून आणावंच लागतं, आणि त्यातलं पुष्कळ भारतातून जातं. तिथे सुताचं कापड होतं, कापडाचा शर्ट होतो, आणि तोच शर्ट कधी कधी पुन्हा भारतातल्या दुकानात येऊन टांगला जातो.

प्रत्येक देशाच्या सीमेवर कस्टमचे अधिकारी असतात. त्यांना मराठी, बंगाली, फ्रेंच अशा सगळ्या भाषा थोड्याच येणार? म्हणून 1988 पासून जगभर एक सामाईक आकडेपद्धत चालते. जगातल्या प्रत्येक मालाला आकडा! रुई म्हणजे 5201. सुती धागा 5205. सुती कापड 5208. मुलग्यांचा शर्ट 6205. आणि टी-शर्ट? तो 6109. त्याचं घराणं वेगळं, कारण त्याचं कापड मागावर विणलेलं नसतं, स्वेटरसारखं टाक्यांत गुंफलेलं असतं. आपलं बोंड कुठवर पोहोचलं, ते नुसत्या आकड्यांवरून कळतं.

आता खरा पेच. भारत बांगलादेशाला म्हणाला, 'तुमच्या मालावर आम्ही आयातशुल्क घेणार नाही.' 2011 मध्ये भारताने दारू, तंबाखू असे मोजके प्रकार सोडून बाकी मालाला तशी सूट दिलीसुद्धा. पण 'तुमचा माल' म्हणजे कोणता? उद्या कुणी तिसऱ्याच देशातून तयार शर्ट आणले, ढाक्यात नुसती पट्टी शिवली आणि भारतात पाठवले, तर?

आपल्या पुरणाच्या मांड्यांचं उदाहरण घ्या. गहू मध्य प्रदेशातला, डाळ लातूरची, गूळ कोल्हापूरचा. पण खापरावर मांडा टाकला कुठे? खानदेशात. मग मांडा खानदेशचाच, यावर कुणी भांडणार नाही. पण तयार मांडे विकत आणून ताटात नुसते वाढले, तर ते आपले म्हणता येतील का? नाही ना! म्हणजे किती काम केल्यावर वस्तू 'आपली' होते, हे कुठेतरी ठरवावं लागतं.

देश आपसात करार करतात तेव्हा नेमकं हेच ठरवतात, आणि त्यावर महिनोन् महिने वाद घालतात. दक्षिण आशियातल्या देशांचा 'साफ्टा' नावाचा करार आहे. त्याचा साधारण नियम असा: बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा आकडा आणि तयार वस्तूचा आकडा वेगळा असला पाहिजे, शिवाय वस्तूच्या किमतीतला काही भाग त्याच देशात झालेल्या कामाचा असला पाहिजे. भारतासारख्या देशाला शंभरातले चाळीस रुपये, पण बांगलादेशासारख्या 'अल्पविकसित' ठरलेल्या देशाला तीस पुरतात.

युरोपचा हिशेब वेगळा. अशा गरीब देशांतून आलेल्या कपड्यांवर तिथे शुल्क नाही. पण आधी अट होती की नुसतं शिवून चालणार नाही, कापडसुद्धा तुमच्याच देशात विणलेलं हवं. 2011 च्या सुरुवातीपासून ती अट सैल झाली. कापड कुठूनही आणा, शिवा तुमच्याकडे, बस्स! अमेरिका तर तिच्या शेजाऱ्यांशी, मेक्सिको आणि कॅनडाशी, याहून कडक वागते. तिथे शुल्क टाळायचं तर बहुतेक कपड्यांसाठी सूतच मुळी या तीन देशांतलं लागतं. का? कारण अमेरिकेत कापूस पिकतो, सूतगिरण्या आहेत, आणि मेक्सिकोतल्या शिंप्याने आपलंच सूत वापरावं असं त्यांना वाटतं.

म्हणजे बघा, आधी धागा स्वतःची वाट शोधतो आणि मागून नियम येतात. काही नियम ती वाट मोकळी करतात, तर काही धाग्याला हव्या त्या दिशेला वळवतात. आणि वळवताना कुणाचा तरी पाय मुरगळतोच.

2025 सालचीच गोष्ट. बांगलादेशातल्या सूतगिरण्या कुरकुरत होत्या की भारतातून जमिनीच्या वाटेने स्वस्त सूत येतं आणि आमचं पडून राहतं. एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने बेनापोलसारख्या जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं थांबवलं. मे महिन्यात भारताने फर्मान काढलं की बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरून यायचे नाहीत, आणायचे तर समुद्रातून, आणि तेही फक्त कोलकाता किंवा न्हावा शेवा बंदरात. न्हावा शेवा कुठे? आपल्या रायगड जिल्ह्यात! नकाशा उघडा आणि बांगलादेशापासून तिथपर्यंत बोट फिरवा. जो शर्ट ट्रकने शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये उतरला असता, त्याने न्हावा शेव्याला यायचं म्हटलं की सगळ्या दक्षिण भारताला वळसा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा गोंधळ. अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर 50 टक्के शुल्क लावलं. आपले कापडवाले हवालदिल झाले. तेव्हा परदेशी कापूस भारतात आणायचा तर 11 टक्के शुल्क भरावं लागे. 2021 पासूनची ही पद्धत. गिरण्या म्हणाल्या, निदान कापूस तरी स्वस्त मिळू द्या. सरकारने ते शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत माफ केलं. गिरण्या खूश. पण कपाशी कधी फुटते? दिवाळीच्या सुमारास! शेतकरी म्हणाले, ऐन आमचा माल बाजारात यायच्या वेळी बाहेरचा स्वस्त कापूस आला तर आम्हाला भाव कोण देणार? लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला 8,110 रुपये होता, पण तो मिळवायला सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागावा लागतो. मला विचाराल तर माफीची वेळ फारच वाईट निवडली होती. हीच सूट उन्हाळ्यात, कापूस विकून झाल्यावर दिली असती तर शेतकरी एवढे चिडले नसते. अर्थात अमेरिका काही आपली वेचणी बघून शुल्क लावत नाही, हेही खरं.

आणि हे प्रकरण इथेच थांबलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये ठरवलं की 2026 च्या नोव्हेंबरात बांगलादेशने 'अल्पविकसित' यादीतून बाहेर पडायचं. म्हणजे एका अर्थाने वरच्या वर्गात जायचं! पण वरच्या वर्गात सवलती कमी. युरोपने आणखी तीन वर्षांची मुदत देऊ केली आहे. ती संपली की पुन्हा जुनी अट: कापडही तुमच्याकडेच विणा. तेव्हा तिथल्या कारखानदारांना शिलाई मशीनच्या जोडीला आणखी माग बसवावे लागतील. माग म्हटले की सूत आलं. ते कुणाच्या गिरणीतून जाणार, आणि बेनापोलच्या फाटकातून जाणार की बोटीने, हे ज्या टेबलाभोवती ठरेल तिथे ढाक्याचे गिरणीवाले असतील, दिल्लीचे अधिकारी असतील. कपाशीवाल्यांच्या बाजूने तिथे कोण बोलेल, ते जरा बातम्यांत शोधत राहा.