हाय-फायसाठी वीज गाळताना

घरातल्या सॉकेटमधून येणारी वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. कागदावर तिचा आलेख गुळगुळीत लाटेसारखा काढतात, पण प्रत्यक्षात ही लाट तेवढी स्वच्छ नसते. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, संगणक, इन्व्हर्टर एसी आणि पंख्यांचे काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्याच तारांवर बारीक खरखर सोडत असतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होताना संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडते आणि तिचा झटका वायरिंगमधून घरभर पोहोचतो. ही खरखर ॲम्प्लिफायरपर्यंत जाऊ नये म्हणून पॉवर फिल्टर किंवा पॉवर कंडिशनर बसवले जातात. त्यांचा उपयोग खरा आहे, पण मर्यादित आहे. अर्थिंगकडे दुर्लक्ष करून ते वापरले, तर ते धोक्याचेही ठरतात.

साध्या फिल्टरमध्ये मुख्यतः तीन घटक असतात. पहिला चोक. एकाच गाभ्यावर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांचे वेढे दिलेले असतात. ५० हर्ट्झचा प्रवाह त्यातून सहज जातो, उच्च वारंवारतेची खरखर मात्र अडते. दुसरा ‘एक्स’ कपॅसिटर. तो फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडतात. तिसरा ‘वाय’ कपॅसिटर. तो फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असा जोडतात, म्हणजे दोन्ही तारांवर एकदम आलेली खरखर जमिनीकडे वळते. अशा फिल्टरची कामगिरी बहुधा १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोजली जाते.

माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजेच फिल्टर जे अडवतो, त्यातले बहुतेक थेट ऐकूच येत नाही. ते ऐकू येण्याची वाट वेगळी आहे. रेडिओ वारंवारतेची खरखर ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात शिरली, तर तिथले ट्रान्झिस्टर तिचे ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करू शकतात. मग गाण्यामागे चरचर येते, बटण दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज होतो, क्वचित एखादे रेडिओ केंद्रही पुसटसे ऐकू येते. अशा घरात चांगला फिल्टर लावला की फरक लगेच कळतो. पण चांगल्या ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर हे काम आधीच बऱ्याच अंशी करतात. स्विच-मोड सप्लाय असेल, तर त्याच्या तोंडाशी फिल्टर बसवलेलाच असतो. जिथे मुळात त्रास नाही, तिथे बाहेरून आणखी फिल्टर जोडल्याने स्वर अधिक गोड किंवा खर्ज अधिक खोल होईल, अशी अपेक्षा धरण्यास आधार नाही.

स्पीकरमधून सतत येणारी घुमघुम हा वेगळा विषय आहे, आणि फिल्टरबाबत सर्वाधिक निराशा इथेच होते. ही घुमघुम ५० किंवा १०० हर्ट्झची असते. जी वीज फिल्टरला जाऊ द्यायचीच आहे, तिचीच ती वारंवारता किंवा तिची दुप्पट. त्यामुळे फिल्टर तिला रोखू शकत नाही. तिचे नेहमीचे कारण ग्राउंड लूप हे असते. ॲम्प्लिफायरचे अर्थिंग भिंतीतल्या सॉकेटमधून आणि सेट-टॉप बॉक्सचे केबलच्या तारेतून, अशा दोन वाटांनी जमिनीला पोहोचते, आणि त्या दोन वाटांमधला किंचित फरक सिग्नलच्या तारेत आवाज बनून उतरतो. तपासणी सोपी आहे. सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. घुमघुम थांबली, तर कारण सापडले. मग सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेणे, ऑप्टिकल केबल वापरणे किंवा सिग्नलच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे, हे खरे उपाय आहेत.

आवाज स्पीकरमधून न येता ॲम्प्लिफायरच्या पेटीतूनच येत असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरचा असतो. एखादा हेअर ड्रायर कमी उष्णतेवर चालताना विजेच्या लाटेचा अर्धाच भाग वापरतो. त्यामुळे घरातल्या विजेत थोडा डीसी अंश मिसळतो आणि टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागतो. त्यावर साधा फिल्टर उपयोगी नाही. डीसी ब्लॉकर लागतो.

फिल्टरची क्षमताही पाहिली पाहिजे. ॲम्प्लिफायर वीज सलग ओढत नाही. लाट ३२५ व्होल्टच्या शिखराजवळ आली की सेकंदाला १०० वेळा तो प्रवाहाचे छोटे, जोरदार घोट घेतो. मोठ्या ॲम्प्लिफायरला कमी अँपिअरचा फिल्टर लावला, तर चोक तापतो आणि जोरकस संगीतात व्होल्टेज पडते.

सुरक्षिततेचा पाया अर्थिंग हा आहे. ४.७ नॅनोफॅरडच्या एका ‘वाय’ कपॅसिटरमधून अर्थकडे सुमारे ०.३४ मिलिअँपिअर प्रवाह सतत जातो. अर्थिंग चालू असेल, तर तो निमूट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल, तर फिल्टरच्या धातूच्या पेटीवर सुमारे ११५ व्होल्ट येतात, टेस्टर पेटतो आणि हात लावताच झिणझिण्या येतात. घुमघुम घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाकणे तर त्याहून घातक आहे. आत कुठे फेज पेटीला चिकटला, तर पूर्ण २३० व्होल्ट सिग्नलच्या तारांवाटे टर्नटेबलपर्यंत आणि हेडफोनपर्यंत पोहोचू शकतात. बरेच फिल्टर एकत्र जोडले की त्यांच्या गळतीची बेरीज होते, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडू लागतो. तेव्हा आरसीसीबी बायपास करू नये, फिल्टर कमी करावेत.

स्पाइक रोखण्यासाठी फिल्टरमध्ये व्हॅरिस्टर बसवतात. प्रत्येक झटक्याने तो थोडा झिजतो. इमारतीच्या थ्री-फेज जोडणीतला न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरात व्होल्टेज ३०० च्या बरेच पुढे जाते. अशा वेळी व्हॅरिस्टर तापून पेटू शकतो. म्हणून सोबत थर्मल फ्यूज असलेलाच घ्यावा. घरी फिल्टर जुळवणाऱ्यांनी ‘एक्स’ आणि ‘वाय’ असा शिक्का असलेलेच कपॅसिटर वापरावेत, आणि ‘एक्स’ कपॅसिटरला समांतर रेझिस्टर जोडावा. तो नसेल, तर प्लग काढल्यावरही पिनांवर ३२५ व्होल्टपर्यंत दाब उरू शकतो.

त्यामुळे खर्चाचा क्रम असा असावा: आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि आरसीसीबी बसवावा. मग घुमघुमीचे कारण शोधावे. इन्व्हर्टर असल्यास तो साइन वेव्ह प्रकारचा घ्यावा. इतके करूनही चरचर उरली, तरच योग्य क्षमतेचा फिल्टर विकत घ्यावा. संगीतासाठी कितीही खर्च झाला तरी चालेल, पण अर्थची तार कधीही तोडू नये.