विश्लेषण : ‘केबल काढा, फुंकर मारा, पुन्हा लावा’... टेक सपोर्टवाले खोटे का बोलतात?

कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून तुम्ही ऑफिसच्या आयटी हेल्पडेस्कला फोन करता. पलीकडून उत्तर येते, ‘सर, पिनांवर धूळ बसली असेल. केबल काढा, फुंकर मारा आणि पुन्हा घट्ट लावा.’ दोन मिनिटांत कॉम्प्युटर सुरू होतो. धुळीचा यात बहुतेक वेळा काहीही संबंध नसतो. मग ही थाप कशासाठी? आणि अशी थाप केव्हा महागात पडू शकते?

धुळीचे कारण कुठून आले?

मायक्रोसॉफ्टमधील अनुभवी प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २००४ मध्ये ही युक्ती लिहून ठेवली. ‘केबल नीट लावली आहे का?’ असे थेट विचारले की समोरच्याला अपमान वाटतो. तो न पाहताच ‘हो, लावली आहे’ म्हणतो. पण धूळ झटकायला सांगितली, तर त्याला टेबलाखाली वाकावेच लागते. केबल निघालेली असेल तर ती त्याला दिसते, तो ती लावतो आणि ‘हो, धूळच होती’ म्हणून मोकळा होतो. काम होते आणि कोणाला ओशाळेही व्हावे लागत नाही.

अशा आणखी कोणत्या थापा असतात?

- ‘नेटच्या केबलची दोन्ही टोके उलटसुलट करून लावा.’ दोन्ही टोके सारखीच असतात. या निमित्ताने दोन्हीकडचे जोड तपासले जातात.
- ‘कीबोर्ड अडकला असेल, कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का पाहा.’ पासवर्ड का चुकत होता, ते तुमचे तुम्हालाच कळते.
- ‘मी इकडून एक सेटिंग बदलले आहे, ते लागू होण्यासाठी रीस्टार्ट करा.’ सेटिंग वगैरे काही बदललेले नसते, रीस्टार्ट मात्र हवा असतो.

रीस्टार्टसाठीही थाप का मारावी लागते?

कारण ‘ते मी केव्हाच केले’ हे उत्तर ठरलेले असते. अनेकदा फक्त मॉनिटर बंद-चालू केलेला असतो किंवा लॅपटॉपचे झाकण मिटलेले असते. कधी कधी मात्र सांगणारा खरेच बोलत असतो. विंडोज ८ पासून बहुतेक कॉम्प्युटरमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असते. त्यामुळे ‘शट डाऊन’ केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, काही वेळा अडकलेल्या ड्रायव्हरसकट. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘सीपीयू’ उघडा. तिथल्या ‘अप टाइम’मध्ये रोज शट डाऊन करूनही कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो.

फक्त माणसेच अशी थाप मारतात का?

नाही, यंत्रेही मारतात. एटान अदार, डेस्नी टॅन आणि जेमी टीवन या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा ‘हितकारक फसवणुकी’वर शोधनिबंध लिहिला. त्यात १९६० च्या दशकातील अमेरिकी टेलिफोन एक्स्चेंजचे उदाहरण आहे. बिघाड झाला की एक्स्चेंज कॉल चुकीच्या नंबरला जोडून देई. ग्राहकाला वाटे, नंबर आपणच चुकीचा फिरवला. तो पुन्हा फोन करी आणि यंत्रणेवरचा विश्वास टिकून राही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. धुळीच्या थापेत चूक वापरणाऱ्याची असते आणि लाजही त्याचीच राखली जाते. एक्स्चेंजच्या थापेत चूक यंत्रणेची असते, पण ती ग्राहकाच्या माथी जाते.

मग निरुपद्रवी थाप कोणती?

थापेने कोण वाचते, यावरून ते ठरते. कर्मचाऱ्याकडून काम राहिले आणि त्याने ‘सर्व्हर डाऊन आहे’ सांगितले, तर तो स्वतःला वाचवत असतो. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असताना ‘काही नाही, दोन-तीनदा रीस्टार्ट करा’ असे सांगणे तर थेट नुकसानाचे आहे. अशी डिस्क चालू ठेवली, तर वाचू शकणारा डेटाही जाऊ शकतो. फोनवर धुळीचे नाव सांगितले तरी तक्रारीच्या नोंदीत खरे कारण लिहायला हवे. नाहीतर पुढच्या वेळी चांगली केबल फेकून नवी मागवली जाते.

भामट्यांना याचा फायदा कसा होतो?

कारण न विचारता सांगितलेले करत राहण्याची सवय त्यांच्या पथ्यावर पडते. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन येतो. विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावून लाल खुणा दाखवल्या जातात. वास्तविक अशा नोंदी अगदी ठणठणीत कॉम्प्युटरमध्येही असतात. मग दुरून ताबा देणारे अ‍ॅप घ्यायला सांगितले जाते. एनीडेस्कसारख्या अ‍ॅपच्या अशा गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

तुम्ही काय करावे?

- तुम्ही तक्रार केलेली नसताना आलेला ‘सपोर्ट’चा फोन बंद करा.
- स्क्रीनचा ताबा, ओटीपी किंवा पैसे मागितले तर तिथेच थांबा. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.
- हेल्पडेस्कला फोन करण्याआधी केबलची दोन्ही टोके पाहा आणि एकदा ‘रीस्टार्ट’ करा.
- काम झाल्यावर ‘नेमके काय झाले होते?’ असे विचारा. केबल निघाली होती, असे उत्तर आले तर रागावू नका. तुम्ही रागावला नाहीत, तर पुढच्या वेळी तुम्हाला धुळीची गोष्ट सांगावी लागणार नाही.